अंगण खरंच वाकडं असेल तर?

"नाचता येईना, अंगण वाकडे" ही म्हण आपल्याला बालवाडीपासून ऐकवली जाते. पेन चालत नाही म्हटलं की ही म्हण. लेथवर जॉब टेपर झाला आणि "सर, टेलस्टॉक सरकलाय" म्हटलं की ही म्हण. मेसच्या पोळ्या पचत नाहीत म्हटलं तरी हीच म्हण! तोंड बंद करायला इतकी सोयीची म्हण दुसरी नसेल. पण इंजिनिअरिंगला येऊन तीन वर्षं झाल्यावर एक साधा प्रश्न पडतो. अंगण वाकडं आहे की नाही, हे कोणी स्पिरिट लेव्हल लावून बघितलं आहे का?

हा प्रश्न मी आज एका अशा खेळावरून मांडणार आहे, जो आपल्या कॉलेजच्या ग्राउंडवर कोणी खेळत नाही. गोल्फ! नाव ऐकूनच काही जण पान उलटतील. "गंजाडचा पोरगा आणि गोल्फ?" असंही कोणीतरी कट्ट्यावर म्हणेल. डहाणू तालुक्यातल्या आमच्या गंजाडला गोल्फचं मैदान नाही, हे कबूल. पण मैदान नाही म्हणून मेकॅनिकलच्या माणसाने त्या खेळातल्या हत्याराचा विचार करू नये, असं थोडंच आहे? रॉकेट तरी आपल्यापैकी किती जणांनी उडवलंय, पण प्रोपल्शनचा पेपर देतोच ना आपण!

आणि हा खेळ फक्त साहेबांचा, हेही अर्धंच खरं. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबात दुसऱ्यांच्या बॅगा उचलणाऱ्या, म्हणजे कॅडीचं काम करणाऱ्या, आसपासच्या वस्तीतल्या पोरांनी लोखंडी सळया वाकवून काठ्या केल्या आणि प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन गल्लीबोळांत स्वतःचा गोल्फ उभा केला. पुण्याचा उदयन माने २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून गोल्फ खेळला. तेव्हा हा विषय आपल्यापासून वाटतो तितका लांब नाही.

स्लाइस म्हणजे काय भानगड?

गोल्फमध्ये सगळ्यात लांब फटका ज्या काठीने मारतात तिला ड्रायव्हर म्हणतात. साधारण ४५ इंचांचा दांडा आणि खाली २०० ग्रॅमच्या आसपासचं पोकळ टायटॅनियमचं डोकं. समोर जमिनीत खोचलेल्या लाकडी खुंटीवर ४६ ग्रॅमचा चेंडू. चेंडू जागेवर स्थिर, बॉलर नाही, बाउन्सर नाही. मारायचा फक्त. इतकं सोपं! आणि तरीही उजव्या हाताने खेळणाऱ्या नवशिक्याचा चेंडू सुरुवातीला बरा जातो आणि मग हवेत केळ्यासारखा उजवीकडे वळत वळत झाडीत जाऊन पडतो. याला म्हणतात स्लाइस. जगभरातल्या हौशी गोल्फरांचा हा सगळ्यात जुना आजार.

याचं कारण आपल्याला फर्स्ट इयरच्या फिजिक्सने समजतं. चेंडू काठीच्या तोंडाला, म्हणजे फेसला, जेमतेम अर्धा मिलिसेकंद चिकटलेला असतो. हौशी माणसाच्या ताशी दीडशे किलोमीटरच्या फटक्यात तेवढ्या वेळात काठीचं डोकं दोन सेंटीमीटरसुद्धा पुढे जात नाही. जे काय बरंवाईट व्हायचं ते त्या दोन सेंटीमीटरात होतं. तिथे दोन दिशा महत्त्वाच्या. एक, फेस कुठे बघतोय. दोन, डोकं कुठल्या मार्गाने चाललंय. चेंडू सुटतो तो मुख्यतः फेसच्या दिशेने. आणि वळतो तो या दोन दिशांमधल्या फरकामुळे. फेस मार्गाच्या मानाने उजवीकडे उघडा राहिला, की चेंडूच्या उलट्या फिरकीचा अक्ष उजवीकडे कलतो आणि मॅग्नस इफेक्टने चेंडू उजवीकडे ओढला जातो. फुटबॉलची फ्री किक भिंतीला वळसा घालून जाते, तेच तत्त्व.

आता यातली गंमत बघा. एक अंश म्हणजे किती? कोनमापकावर दिसतो न दिसतो. पण २०० मीटरवर एक अंशाची चूक म्हणजे साडेतीन मीटर! आणि हे नुसत्या सरळ रेषेचं गणित, हवेतलं वळण त्यात धरलेलंच नाही. थोडक्यात काय, तर मनगटाची एवढीशी चूक आणि चेंडू थेट झाडीत.

याहून मोठी गंमत म्हणजे चेंडू उजवीकडे जातोय म्हटल्यावर माणूस काय करतो? डावीकडे नेम धरतो. अगदी नैसर्गिक आहे. पण डावीकडे नेम धरला की काठीचा मार्ग आणखी बाहेरून आत यायला लागतो, फेस आणि मार्ग यांच्यातला फरक वाढतो आणि चेंडू आणखी उजवीकडे वळतो. मग माणूस आणखी डावीकडे नेम धरतो... म्हणजे उपाय म्हणून केलेली गोष्टच रोग वाढवते. कंट्रोल सिस्टिम्सवाल्या मित्रांना हा पॉझिटिव्ह फीडबॅक ओळखीचा वाटेल. हे दुष्टचक्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डिझायनर काय करू शकतो?

इथे आपलं काम सुरू होतं. काठी बनवणाऱ्याच्या हातात साधारण पाच-सहा गोष्टी असतात.

पहिली, फेसचा कोन. फेस बनवतानाच एक-दोन अंश डावीकडे मिटलेला ठेवायचा. माणूस उघडा आणतोय, काठी मिटलेली आहे, बेरीज शून्याच्या जवळ. सरळ हिशोब.

दुसरी, लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे झुकलेला कोन. ही गोष्ट फार कमी जणांना पटते. लॉफ्ट जास्त असला की उलटी फिरकी जास्त मिळते आणि तीच आडवी चूक फिरकीच्या अक्षाला कमी कलवते. ढोबळ हिशोब करून बघा. फेस आणि मार्ग यांच्यात ४ अंशांचा फरक आहे आणि उभ्या दिशेतला फरक १२ अंश आहे, तर अक्ष साधारण १८ अंश कलतो. तोच उभा फरक १६ अंश केला तर कल १४ अंशांवर येतो. मारणाऱ्याची चूक तेवढीच, पण वळण कमी! तरीही नवखा माणूस दुकानात जाऊन ९ अंशांचीच काठी मागतो. का? तर मोठे खेळाडू तसली वापरतात म्हणून. आमच्या हॉस्टेलमध्ये पहिल्याच आठवड्यात सगळ्यात जाडजूड परदेशी रेफरन्स बुक टेबलावर मांडून ठेवणारे असतात, त्यातलाच हा प्रकार.

तिसरी गोष्ट, वजन कुठे ठेवायचं. डोक्याचा गुरुत्वमध्य दांड्याच्या बाजूला, म्हणजे टाचेकडे सरकवला, की दोन फायदे होतात. एक तर दांड्याभोवती डोकं फिरवून मिटवायला सोपं जातं. आणि दुसरं, फेसच्या मधोमध लागलेला चेंडूसुद्धा आता गुरुत्वमध्याच्या पुढच्या बाजूला लागतो. त्या धक्क्याने डोकं किंचित फिरतं आणि दोन गिअर एकमेकांत अडकल्यासारखी चेंडूला उलट, म्हणजे डावीकडे वळणारी फिरकी मिळते. याला गिअर इफेक्ट असंच नाव आहे. काठीचा दात चेंडूच्या दातात! टेलरमेड कंपनीने २००४ साली आर-सेव्हन क्वाड नावाचा ड्रायव्हर काढला, त्यात चार जागी वजनाचे स्क्रू बसवले होते. पाना घ्या, जड स्क्रू टाचेकडे लावा, वळण कमी करा. सुधारलात की परत काढा.

चौथी, मोमेंट ऑफ इनर्शिया. वजन मध्यावरून काढून कडांना नेलं की चेंडू मधोमध न लागताही डोकं कमी पिळवटतं. हॉस्टेलच्या टेनिस बॉल क्रिकेटमध्ये मागून खोदलेली, कडा जाड ठेवलेली बॅट आपण वापरतो ना? तोच विचार. पण इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मोमेंट ऑफ इनर्शिया वाढवल्याने कडेला लागलेल्या फटक्याचं नुकसान कमी होतं. फेस उघडा ठेवून तुम्ही चेंडू अगदी मधोमध मारलात, तर ती काहीच करू शकत नाही. उलट फार मोठं, मागे पसरलेलं डोकं दांड्याभोवती फिरवून मिटवायला जड जातं. एका आजाराचं औषध दुसऱ्या आजाराला देऊन चालत नाही ते असं.

पाचवी, ऑफसेट. फेस दांड्याच्या रेषेपेक्षा थोडा मागे ठेवायचा, म्हणजे चेंडूपर्यंत पोचायला डोक्याला अगदी किंचित वेळ जास्त मिळतो आणि तेवढ्यात ते मिटायला मदत होते. आणि सहावी म्हणजे बाकीचं सामान. दांडा थोडा आखूड केला की चेंडू मधोमध लागायची शक्यता वाढते. पकड हाताच्या मापाची असली की मनगट मोकळं फिरतं.

यातलं एकही जादू नाही. सगळं अप्लाइड मेकॅनिक्स आहे. आणि एवढं करूनही स्लाइस कमी होतो, संपत नाही. जो माणूस दहा अंश उघडा फेस आणतो, त्याला दोन अंशांची काठी कितीशी पुरणार?

"ही तर कुबडी झाली!"

आता मूळ वादाकडे येऊ. जुन्या वळणाचे शिक्षक म्हणतात, असली काठी म्हणजे कुबडी. चूक माणसाची आहे, माणूस सुधारा. काठी वाकडी करून चेंडू सरळ जात असेल तर ती फसवणूक.

या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. धोका खरा आहे. टाचेकडे वजन असलेली, मिटलेल्या फेसची काठी वर्षानुवर्षं वापरली आणि मधल्या काळात फटका सुधारला, तर तोच चेंडू आता डावीकडच्या झाडीत जाऊ लागतो. शिवाय काठीने झाकलेली चूक दिसत नाही, आणि न दिसणारी चूक कोण सुधारतं? नियम करणाऱ्यांनाही याची कल्पना आहे. म्हणून डोक्याचं आकारमान ४६० घन सेंटीमीटर आणि मोमेंट ऑफ इनर्शिया ५९०० ग्रॅम वर्ग सेंटीमीटर, अशा मर्यादा घातल्या आहेत, थोडीफार सूट धरून. क्रिकेटमध्येही २०१७ पासून बॅटची कड ४० मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही. १९७०च्या दशकात पोलारा नावाचा एक गोल्फचा चेंडू निघाला होता. त्यावरचे खळगे मुद्दामच असमान ठेवलेले, त्यामुळे चेंडू हवेत स्वतःच स्वतःला सरळ करायचा. अमेरिकेतल्या गोल्फ संघटनेने चेंडू सर्व बाजूंनी सारखाच असावा असा नियम करून त्याला बाहेर ठेवलं. पुढे प्रकरण कोर्टातही गेलं. म्हणजे हत्याराने किती मदत करावी याला सीमा हवी, हे मान्य.

पण सीमा हवी म्हणजे मदतच नको, असं होत नाही. आणि माझा मुद्दा इथेच आहे.

मघाचं दुष्टचक्र आठवा. चेंडू उजवीकडे जातो म्हणून माणूस डावीकडे नेम धरतो, आणि त्यामुळे चेंडू अजून उजवीकडे जातो. या माणसाला नुसतं "फटका सुधार" म्हणून उपयोग काय? त्याने नेम सरळ धरला की पहिले पन्नास चेंडू झाडीत जाणार. एक्कावन्नाव्याला त्याचा धीर सुटणार आणि तो पुन्हा डावीकडे वळणार. त्याच्या हातात जर जरा माफ करणारी काठी दिली, तर सरळ नेम धरूनही चेंडू मैदानात राहतो. भीती जाते. भीती गेली की मार्ग सरळ होतो. आणि मार्ग सरळ झाला की, लक्षात घ्या, चूक खरोखरच कमी होते. म्हणजे योग्य काठी नुसती चूक झाकत नाही, ती माणसाला चूक सुधारण्याइतका वेळ आणि धीर देते. कुबडी आणि प्लॅस्टर यात हाच फरक आहे. प्लॅस्टरही पायाला आधार देतं, पण ते हाड जुळेपर्यंतच.

या बाबतीत कार्स्टन सोल्हाइम या माणसाचं उदाहरण मला फार आवडतं. हा अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमधला मेकॅनिकल इंजिनिअर. चाळिशी उलटल्यावर गोल्फ शिकायला लागला आणि त्याचे जवळचे फटके सारखे चुकायचे. सगळ्यांप्रमाणे त्यानेही "मला जमत नाही" म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याने काठी हातात घेऊन बघितली. हिचं सगळं वजन मध्यावर का? थोडं इकडेतिकडे लागलं की ही फिरणारच! त्याने वजन दोन्ही टोकांना नेलं, घरच्या गॅरेजमध्ये काठी बनवली आणि १९५९ साली पिंग नावाची कंपनी उभी केली. आज जवळजवळ प्रत्येक काठीत कडेला वजन ठेवण्याचा विचार दिसतो, त्याच्या मुळाशी ही शंका आहे. नाचता येत नव्हतं म्हणून त्याने अंगण मोजलं. आणि अंगण खरंच वाकडं निघालं!

आता आपल्या हॉस्टेलविषयी

"लेखक आता कुठे चाललाय?" असं वाटत असेल, तर सांगतो. मुद्दामच चाललोय.

आमच्या गंजाडच्या पाड्यांवर घरात वारली बोलतात. पोर शाळेत जातं तेव्हा पुस्तकातली मराठी ही त्याची दुसरी भाषा असते. आश्रमशाळेत दहावी, मग बारावी सायन्स, आणि मग एकदम इथे, जिथे इंजिनिअरिंग मेकॅनिक्सपासून वर्कशॉपच्या जर्नलपर्यंत सगळं इंग्रजीत. डहाणूच काय, गडचिरोली, नंदुरबार, मेळघाटातून आलेल्या आणि साध्या मराठी माध्यमातून आलेल्या सगळ्याच पोरांची कमीअधिक हीच गत. त्याला "टॉर्क" कळत नाही असं नाही. विहिरीवरचा रहाट ओढलेल्या पोराला टॉर्क काय शिकवायचा? त्याला व्हायव्हाला "डिफाइन टॉर्क" कळत नाही.

मग तो काय करतो? डावीकडे नेम धरतो! म्हणजे समजून घेण्याचा नाद सोडून पाठ करायला लागतो. लोकल पब्लिकेशनची पुस्तकं, मागच्या दहा वर्षांचे पेपर, सिनियरच्या जर्नलची जशीच्या तशी कॉपी. पाठांतरावर पेपर निघतो, पण व्हायव्हाला एक्सटर्नलने वाक्य जरा फिरवून विचारलं की चेंडू झाडीत. मग तो आणखी पाठ करतो. पहिल्या सेमिस्टरची केटी दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. आणि आपण सगळे मिळून काय म्हणतो? "बेसिकच कच्चं आहे." "मेहनतच करत नाही." म्हणजे पुन्हा तीच म्हण. नाचता येईना...

मी म्हणतो, एकदा अंगण मोजा. पोराला विषय येत नाही, की विषयाची भाषा येत नाही? फेस उघडा आहे, की मार्ग चुकतोय? दोन्हीचा चेंडू उजवीकडेच जातो, पण दोन्हीचं औषध वेगळं आहे. हे शोधायला फार काही लागत नाही. तोच प्रश्न मराठीतून विचारून बघायचा. उत्तर आलं तर दोष भाषेचा. नाही आलं तर मात्र अभ्यासाचा, आणि मग खुशाल रागवा!

सरकारी पातळीवर याचा विचार झालाच नाही असं नाही. एआयसीटीईने २०२१-२२ पासून मराठीसह आठ भारतीय भाषांमधून इंजिनिअरिंगची पदवी शिकवायला परवानगी दिली. पाऊल चांगलं आहे. पण सगळा कोर्सच मराठीत हा एक टोकाचा उपाय झाला. पुढे नोकरीत, गेटच्या परीक्षेत, डेटाशीटवर इंग्रजी लागणारच, ही भीती पालकांना वाटते आणि ती खोटी नाही. मला हवी आहे ती स्क्रू फिरवून बदलता येणारी काठी. सुरुवातीला वजन टाचेकडे, आणि पोरगं सुधारत जाईल तसं ते हळूहळू मध्यावर.

म्हणजे नेमकं काय? माझ्या डोक्यात तीन साध्या गोष्टी आहेत. एकीलाही मोठं बजेट लागत नाही.

एक, पहिल्या सेमिस्टरला आठवड्यातून दोन संध्याकाळी हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये सिनियरांनी फर्स्ट इयरचा चालू धडा मराठीतून सांगायचा. शब्द इंग्रजीच ठेवायचे, समजावणं मराठीत. "स्ट्रेस म्हणजे काय" हे एकदा आपल्या भाषेत डोक्यात बसलं की इंग्रजी व्याख्या आपोआप पाठ होते, घोकावी लागत नाही. सांगणाऱ्या सिनियरचाही यात फायदा आहे. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आधी बेसिक्सची उजळणी फुकटात!

दोन, पहिल्या सेमिस्टरच्या अंतर्गत व्हायव्हाला पहिला प्रश्न विद्यार्थ्याला हव्या त्या भाषेत. दुसऱ्या सेमिस्टरला उत्तर मराठीत सुरू करून इंग्रजीत संपवायचं. सेकंड इयरला सगळं इंग्रजीत. आमच्या आदरणीय सरांना आणि मॅडमना ही विनंती आहे, तक्रार नाही. कितीतरी सर प्रॅक्टिकलला हे आपणहून करतातच. ते फक्त ठरवून आणि सगळ्यांसाठी व्हावं, एवढंच म्हणणं.

तीन, सवलत कधी संपणार हे आधीच ठरवायचं. हे तितकंच महत्त्वाचं. फायनल इयरलाही जो "मी मराठी मीडियमचा" म्हणून प्रेझेंटेशन टाळतो, त्याच्या बाजूने मी बोलणार नाही. स्क्रू फिरवायचा असतो तो परत काढण्यासाठी. टाचेकडे वजन ठेवून जन्मभर खेळलात तर एक दिवस चेंडू दुसऱ्या बाजूच्या झाडीत जाणार, हे वर लिहिलंच आहे.

काही मित्र म्हणतील, "आम्हाला कोणी असली सवलत दिली? आम्ही रडतखडत शिकलोच ना!" शिकलात, अभिनंदन. लाकडी डोक्याच्या काठ्या होत्या तेव्हाही लोक उत्तम गोल्फ खेळायचेच. पण त्या काळात किती जणांनी कंटाळून काठी कोपऱ्यात टाकली, त्यांची नावं कुठल्या ट्रॉफीवर नसतात. आपल्या हॉस्टेलातून दुसऱ्या वर्षी ट्रंक घेऊन एसटीत बसलेल्यांची नावंही या मॅगझिनच्या गुणवंतांच्या यादीत नसतात. रडतखडत शिकण्यात शौर्य असेल, पण चांगल्या डिझाइनचं ते लक्षण नाही. ज्या मशीनवर फक्त जिद्दी माणूसच काम करू शकतो, ते मशीन आपण व्हायव्हात चांगलं म्हणू का?

आणि ज्यांना हत्यार आपल्या हाताला जुळवून घेणं कमीपणाचं वाटतं, त्यांच्यासाठी आमच्या गावचंच उदाहरण. गंजाडच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे. २०११ साली पद्मश्री मिळालेले, २०१८ साली गेले. वारली चित्रं देशोदेशी नेली ती त्यांनी. ही चित्रं मुळात शेणामातीच्या कुडाच्या भिंतीवर काढायची. रंग तांदळाच्या पिठाचा आणि ब्रश म्हणजे बांबूची काडी, टोक चावून मऊ केलेली. दुकानातला ब्रश नाही. पुढे कॅनव्हासवर चित्रं काढायची वेळ आली, तेव्हा तो कॅनव्हासही शेणाने सारवून घेतला जायचा. "मला गुळगुळीत कॅनव्हासवर जमत नाही" असं म्हणून ते थांबले नाहीत, आणि "कॅनव्हास आहे तसाच राहणार, तुम्ही बदला" असं त्यांना कोणी सुनावलंही नाही. अंगणच आपल्याला हवं तसं सारवून घेतलं! चित्र मात्र त्यांनाच काढावं लागलं. ते कुठल्या सारवणाने आपोआप उमटलं नाही.

सांगायचा मुद्दा एवढाच, की माणूस सुधारावा की हत्यार, हा वादच चुकीचा आहे. आधी मोजा. हत्यारात दोष असेल तेवढा हत्यारात काढा. उरलेला माणसाने काढायचा, तिथे सबब चालणार नाही. आणि दिलेला आधार कधी काढायचा ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. ड्रायव्हर असो, लेथ असो, नाहीतर फर्स्ट इयरचा वर्ग असो.

येत्या टर्मपासून रीडिंग रूममध्ये मंगळवारी आणि शुक्रवारी मेसनंतर बसायचं, असं आम्ही तिसऱ्या वर्षाच्या काही जणांनी ठरवलंय. विषय इंजिनिअरिंग मेकॅनिक्स. शिकवायला कोणीही या, शिकायला कोणीही या. आणि येताना स्पिरिट लेव्हल आणायला विसरू नका!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी